आतल्या बाजूची काच

२९ ऑक्टोबर १९८१, भाऊबीज

टेकचंदची धानगिरणी आज सुरू झाली. आमच्या दारासमोर, रस्त्याच्या अगदी पलीकडे. टेकचंद हा माझा साळा, देवकाचा एकुलता धाकटा भाऊ. त्याला मोहाडीत तहसिलीच्या मागे याहून ऐसपैस जागा मिळत होती. पण बहीण आजारी, तिची येताजाता विचारपूस करता यावी म्हणून त्यानं हीच धरली. आमच्याकडे नव्या गिरणीत पहिली पायली बहिणीच्या हातची पडते. दोन बायकांनी देवकाला धरून पलीकडे नेलं. तिनं हलरच्या तोंडात धान ओतलं, नारळ फोडला, आणि डिझेल इंजिनानं जे सुरू केलं ते संध्याकाळी सहापर्यंत थांबलं नाही.

मी एकतीस वर्षं पत्र्याच्या छपराखाली ड्रॉइंग शिकवलं. गारा पडत असतानाही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलेला माणूस आहे मी. पण हे प्रकरण वेगळं आहे. वाटीतलं ताक थरथरताना दिसतं.

टेकचंदनं चार लोकांसमोर विचारलं, "भाऊजी, बाईले तरास तं नाई होणार ना जी आवाजाचा?" मी म्हणालो, "अरे, माहेरचा आवाज. कानाला गोडच लागणार." मंडळी हसली. वेळेवर बरं सुचलं म्हणून मीही खूश होतो.

३ नोव्हेंबर

नागपूरच्या डॉक्टरांनी दसऱ्याआधी सांगितलं होतं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसर पडणार नाही. देवकाच्या हृदयाचं एक दार आकसलं आहे. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. चित्र अत्यंत वाईट होतं, पण अर्थ समजला. ऑपरेशन बावन्नाव्या वर्षी, या प्रकृतीत, ते सुचवत नाहीत. रात्री आडवं झालं की तिला दम लागतो, म्हणून ती लोडाला टेकून बसूनच रात्र काढते. तेव्हा दुपारची झोप हेच औषध, गोळ्या त्याच्यानंतर. झोप गेली की हृदय थकेल, आणि ते थकलं की आपल्या हाती काही राहणार नाही, असं ते मला बाहेर बोलावून म्हणाले.

आता दुपारी एक ते तीन ही तिची वेळ, आणि समोर हा राक्षस. आज एकला डोळा लागला तो तीनला उघडला. पण मी याला झोप म्हणत नाही. एवढ्या गदारोळात जो झोपतो तो झोपत नसतो, त्याला ग्लानी आलेली असते.

१२ नोव्हेंबर

देवकाच्या कानात कापसाचे बोळे घातले. थोड्या वेळानं पाहतो तर दोन्ही बोळे उशीखाली. झोपेत निसटले असावेत. उद्या जरा मोठे करतो.

टेकचंद रोज बाराच्या सुमारास गिरणीच्या दारातून हाक मारतो, "जेवली का वो बाई?" ही खिडकीच्या गजातून हात बाहेर काढते, म्हणजे जेवली. मला हे आवडत नाही. आजारी माणसाला हातवारे कशाला करायला लावायचे? पण भाऊ-बहिणीत बोलणारा मी कोण.

२६ नोव्हेंबर, अमावस्या

अमावस्येला इंजिनाला हळदकुंकू वाहून गिरणी बंद ठेवतात. मी सकाळपासून या दिवसाची वाट पाहत होतो. शेजाऱ्यांच्या कोंबड्या हाकलल्या, दारावर घोंगडी टाकली. देवकाला एक मिनिट झोप लागली नाही. चारदा उठून बसली. छातीवर हात ठेवून भिंतीकडे पाहत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही.

महिनाभराचा आवाज डोक्यात साठला आहे. तो एका दिवसात कसा निघेल?

१ डिसेंबर

टेकचंदला गिरणी हलव म्हणता येत नाही, हे आज पुन्हा एकदा नीट विचार करून ठरवलं. जिच्या हातानं पहिलं धान पडलं, तिच्याच घरातून कुरकूर निघाली तर त्या धंद्याला बरकत नाही. हे इथे लहान पोरालाही माहीत आहे. शिवाय मी भर मांडवात माहेरचा आवाज म्हणून बसलो आहे. परवाही त्यानं विचारलं, "खरंच सांगा भाऊजी, आवाज जास्त नाई ना?" मी म्हणालो, "छे रे, आम्हाला तर आता घड्याळाचीही गरज नाही."

तेव्हा उपाय आपल्याच घरात करायचा. आवाज येतो तो रस्त्याकडच्या दोन खिडक्यांतून. वर माळ्याची पाटणी आहे, भिंती हातभर जाड मातीच्या आहेत, तिकडून भीती नाही. खिडक्या मात्र बघण्यासारख्या आहेत. माझ्या वडिलांनी पवनीच्या कारागिराकडून करून घेतल्या. सागवानी चौकट, वर कमळाची पट्टी, खरादावर फिरवून गोल काढलेले सात-सात गज, दोन फळ्यांचे दरवाजे. मी या गावात पाचवीच्या प्रत्येक वर्गाला याच खिडक्यांसमोर बसवून वस्तुचित्र काढायला लावलं आहे. त्या विटांनी बुजवल्या तर टेकचंद अर्ध्या तासात येऊन विचारेल. काही करायचं ते असं, की रस्त्यावरून पाहणाऱ्याला रेघभर फरक दिसता कामा नये.

६ डिसेंबर

खिडक्यांच्या आत गाद्या उभ्या केल्या, वर पोती ठोकली. खोलीत अंधार झाला आणि आवाज तसाच. उलट आता तो आपण कुठून येतो तेही सांगत नाही. देवका म्हणाली, काढून टाका, उंदीर होतील.

१४ डिसेंबर

नागपूरला जाऊन आलो. माझा एक जुना विद्यार्थी आकाशवाणीत तांत्रिक कामावर आहे. चित्रकलेत ढ होता, पण गुरुजी म्हणून पाया पडला आणि स्टुडिओ दाखवला. बोलणारा एका खोलीत, यंत्रं दुसऱ्या खोलीत, मध्ये खिडकी. मी काचेजवळ उभा राहून आतल्या बाईंचं तोंड हलताना पाहिलं, अक्षर ऐकू आलं नाही.

गंमत अशी, की काच एक नसते, दोन असतात. मध्ये वीतभर मोकळी हवा. एक काच सरळ, दुसरी किंचित कलती, म्हणजे आवाज दोघींमध्ये घुमत नाही. दोन्ही काचांची जाडी वेगळी. कडेला सगळीकडून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा पट्टा, कुठेही सुईएवढी फट नाही. फट राहिली की सगळी मेहनत पाण्यात, असं त्यानं तीनदा सांगितलं. मी वहीत आडवा छेद काढून घेतला. येताना बसमध्ये मला कित्येक महिन्यांनी बरं वाटत होतं.

२० डिसेंबर

डोमा सुताराला आकृती दाखवली. हा माणूस सगळ्या गोष्टींवर आधी मान हलवतो. जुनी खिडकी बाहेर तशीच ठेवायची, तिचे दरवाजे दिवसा उघडे, म्हणजे बाहेरून गज दिसतील. आतल्या बाजूनं भिंतीच्या जाडीत नवी चौकट आणि तिच्यात दोन काचा. डोमानं भिंतीवर हात फिरवून विचारलं, "उघडाची कशी?" मी म्हणालो, उघडायची नाही. त्यानं वितीनं भिंतीची जाडी मोजली. मग म्हणाला, "गुरुजी, जिकून आवाज येते तिकूनच हवा येते. दोघाईले अलग कसं कराल?"

मी म्हटलं, आतलं दार आहे, मागचं अंगण आहे, टेबलफॅन घेतो. सुतारानं सुताराचं बघावं.

२८ डिसेंबर

आधी एकच जाड काच लावून पाहिली, कारण डोमाचं म्हणणं, एकीनं भागत असेल तर दोन कशाला. इंजिन सुरू झालं आणि काच दातखिळी बसल्यासारखी कडकड वाजायला लागली. गिरणीचा आवाज परवडला. डोमा हसला आणि म्हणाला, तुमचा आकाशवाणीवाला बरोबर बोलला.

९ जानेवारी १९८२

चौकट पोकळ ठेवून तिच्यात काहीतरी ठासायला हवं होतं. डोमानं तूस सुचवलं. धानाचं तूस आवाज गिळतं म्हणे. आता तूस मिळणार कुठे? समोर. मी जाऊन टेकचंदकडे दोन पोती मागितली. कशाले, म्हणाला. शेगडीत जाळायला, म्हणालो. त्यानं चार पाठवली, आणि संध्याकाळी दारातूनच देवकाला शेगडी शेकायला जमते का ते विचारून गेला. त्याच्याच गिरणीच्या तुसानं त्याच्याच गिरणीचं तोंड बंद करतो आहे. मनात कुठेतरी लाज वाटली. पण हे तिच्यासाठी आहे.

२१ जानेवारी

एक खिडकी झाली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, नमदा, पुट्टी, सगळं मी स्वतः डोमाच्या मागे उभं राहून करून घेतलं. देवका खाटेवरून पाहत होती. दुपारी म्हणाली, "दुसरी तशीच राहू देता काय?" मी तिला समजावलं, की अर्धवट काम म्हणजे न केलेलं काम. आवाजाला एक फट पुरते. तिनं मान हलवली आणि कूस बदलली.

२४ जानेवारी

पूर्ण झालं. काल डोमानं शेवटची पट्टी ठोकली, आज सकाळी दहाला गिरणी सुरू झाली. मी मुद्दाम काचेजवळ उभा होतो. पट्टा फिरतो आहे, धूर निघतो आहे, हमालांची तोंडं हलत आहेत आणि खोलीत काही नाही. कान जमिनीला लावला तर कुठे खोल घरघर. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. सात गज, कमळाची पट्टी, सगळं जिथल्या तिथे. काच आतल्या सावलीत आहे, ओळखू येत नाही. हे काम मी कोणाला दाखवू शकत नाही, एवढंच दुःख.

देवकाला विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, "लय शांत झालं." माझा हात धरून ठेवला तिनं थोडा वेळ. हात गार होता.

२ फेब्रुवारी

आता ती एक वाजता डोळे मिटते ते तीनला उघडते. हूं नाही की चूं नाही. आज मी खाटेजवळ बसून तिचं पेन्सिलचित्र काढलं. बऱ्याच वर्षांनी काढलं. पापण्या सारख्या हलत होत्या, त्यामुळे डोळे साधले नाहीत. उजवा हात छातीवर, बोटं अगदी हळू, थांबून थांबून उठत होती, काहीतरी मोजत असल्यासारखी. स्वप्न पडत असावं. हात मात्र चांगला उतरला.

२० फेब्रुवारी

नागपूरला दाखवून आणलं. पायांवर सूज आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं आणि गोळ्या वाढवल्या. झोप कशी आहे, म्हणाले. मी सांगितलं, आता उत्तम आहे, तशी व्यवस्थाच केली आहे. देवकानं लुगडं पायांवर ओढून घेतलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झोप उत्तम असेल तर सूज का, असं स्वतःशीच म्हणाले.

दोन पावलं पुढे जावं तर चार मागे. रोज सकाळी मला वाटतं, आज तिचा चेहरा जरा भरला असेल. नसतो.

१ मार्च

आज टेकचंदला कळलं. म्हणजे काच आहे एवढं कळलं.

बारा वाजता त्यानं नेहमीसारखी हाक मारली असणार. आम्हाला ऐकू कशी येणार? हे कसं माझ्या ध्यानात आलं नाही कोण जाणे. गेला महिनाभर तो हाक मारत होता आणि हिचा हात बाहेर आला नाही, तर झोपली असेल म्हणून गप्प बसत होता, असं तोच म्हणाला. आज त्याच्या मनात शंका आली आणि तो अंगावर तूस घेऊन तसाच धावत आला. देवका बसून पेज पीत होती. तिला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर खिडकीकडे गेली.

तो जवळ गेला. बोटानं काच वाजवली. पलीकडे त्याची गिरणी चालू होती, पट्टा फिरत होता. त्यानं बराच वेळ तिकडे पाहिलं. मग विचारलं, "हे कवा बसवलं जी?"

मी म्हणालो, "धूळ फार येते रे रस्त्याची. उन्हाळा तोंडावर आला."

"हो. धूळ येते," तो म्हणाला. डोमानं काम बरं केलं म्हणाला. पाणी प्याला, बहिणीच्या पायाला हात लावला आणि गेला. देवका माझ्याकडे पाहत होती. मी सुटकेचा श्वास टाकला. धुळीचं कारण त्याला पटलेलं दिसलं.

११ मार्च

धुळवड झाली आणि आज टेकचंदनं गिरणी उपसली. इंजिन, हलर, पट्टे, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तुमसरला नेलं. भर हंगामात. मी विचारलं तर म्हणाला, "तिकडे गिऱ्हाईक जास्त आहे, भाऊजी." माझ्या डोळ्यांकडे न पाहता म्हणाला. धंदा वाढला पाहिजे, मी म्हणालो. दोन महिने थांबलो असतो तर खिडक्यांची गरजच पडली नसती, असा एक विचार मनात येऊन हसूही आलं.

देवका दाराच्या चौकटीला धरून ट्रॉली वळेपर्यंत उभी होती. तिनं उभं राहायचं नाही असं सांगून ठेवलं आहे. संध्याकाळी जेवली नाही.

२५ मार्च

अशक्तपणा वाढतो आहे. आता दोन उशा लागत होत्या तिथे चार लागतात. गोंदियाहून वच्छला, आमची मुलगी, चार दिवस राहून गेली. तिचं मूल लहान, किती राहणार. जाताना मला म्हणाली, "बाबा, आई झोपत नाई. डोळे लावून पडून राहते." मी म्हणालो, तू रडू नकोस. पोरींना सगळीकडे वाईटच दिसतं, असं मनात म्हटलं.

६ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

उकाडा इतका की टेबलफॅन नुसता गरम वारा ढकलत होता. देवकाला श्वास पुरत नव्हता. मी डोमाला बोलावलं आणि एका खिडकीच्या दोन्ही काचा काढून घेतल्या. गिरणी तर गेलीच होती, आता कशासाठी ठेवायच्या? डोमा गेल्यावर मी म्हणालो, आता बरं वाटेल. हवा आहे आणि शांतताही आहे. नीट झोप.

ती म्हणाली, "शांत हाये म्हणूनच तं झोप येत नाई."

मला समजलं नाही. ती दम घेत घेत, थांबून थांबून बोलली. "शांत झालं का मले माह्याच छातीचा आवाज येते. एक ठोका पडते, मंग दुसरा कवा पडते त्याची वाट पाहतो मी. कवा दोन संगेच पडते, कवा पडतच नाई. भेव लागते. डोळा लागला तं पुढचा ठोका पडनच नाई असं वाटते. टेकचंदच्या इंजिनचा ठोका एकसारखा होता. तो ऐकत पडली का माहा ऐकूच नाई ये. नोव्हेंबरात किती झोपली मी. तुमीच पाहत होते."

मी विचारलं, "काहून नाही सांगितलंस?" माझ्या तोंडून तिचीच बोली आली.

"तुमी महिनाभर डोमाच्या मांगे उभे होते," ती म्हणाली. "किती हौसेनं केलं. कसं सांगू?"

मी ही वही मागे उलटून वाचली. सगळं मीच लिहिलं आहे. एक ते तीन. उशीखालचे बोळे. अमावस्या. दुसरी तशीच राहू देता काय. आंधळ्यानं चित्रकला शिकवली एकतीस वर्षं.

८ एप्रिल

तुमसरला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो: टेकचंद, गिरणी परत आण, तुझ्या बहिणीला तिच्याविना झोप येत नाही. नवी शेड मोठी आहे. इंजिनाखाली सिमेंटचा ओटा बांधला आहे, तो अजून ओला होता, वर पोती भिजवून टाकली होती. त्यानं मला बाजेवर बसवलं, चहा मागवला. विचारलं, "बाई कशी आहे?"

मी म्हणालो, "मजेत."

"आता झोप लागते ना?"

"लागते. आता छान लागते."

हे मी का म्हणालो? त्यानं विचारलं आणि तोंडातून गेलं. मागे घेऊ गेलो तर काचांचं सांगावं लागेल, तुसाचं सांगावं लागेल, धुळीचं सांगावं लागेल. चहा पिऊन उठलो. तो बसस्टँडपर्यंत सोडायला आला आणि बहिणीसाठी त्यानं संत्री बांधून दिली. घरी येऊन देवकाला सांगितलं, टेकचंद भेटला नाही, भंडाऱ्याला गेला होता. तिनं संत्र्यांकडे पाहिलं आणि एक सोलून माझ्या हातात दिलं.

१५ एप्रिल

घड्याळ उशाशी ठेवून पाहिलं. आवाज बारीक, म्हणाली. मोठ्यानं पोथी वाचली. माझा आवाज मध्येच बसतो, तिचं लक्ष तिकडे जातं. मग तिचं जुनं शिवणयंत्र माळ्यावरून काढलं, तेल दिलं, पट्टा नवा घातला, आणि खाटेजवळ ठेवून दोरा न ओवताच पायानं चालवायला लागलो. खडखड, पण एकसारखी. वीस मिनिटांनी तिची मान कलली. खरी झोप कशी असते ते आज मी पाहिलं. पापण्या हलत नव्हत्या.

पाय थांबवला की जागी होते.

२ मे

माझं आता एकोणसाठावं चाललं आहे. दोन तास पायटा मारला की पोटऱ्यांत गोळे येतात. मग पाय हळू पडतो, तिला तो फरक झोपेतही कळतो. इंजिनाला गोळे येत नव्हते. शेजारच्या मंगलाबाईंनी विचारलं, गुरुजी दुपारभर काय शिवून राहिले? पडदे, म्हणालो.

डॉक्टर आता पुन्हा या म्हणत नाहीत. गोळ्या तशाच चालू ठेवा, म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळलं.

७ मे

आज चाळीस मिनिटं झोपली. त्यापुढे माझा पाय चालला नाही. ती जागी झाली आणि म्हणाली, "बस करा. तुमी थकले." मी म्हणालो, नाही थकलो. ती हसली. खरं-खोटं तिला पहिल्यापासून कळत होतं, मलाच बोलता येत नव्हतं.

१० मे

दीडला यंत्र सुरू केलं. तीन वाजता पाणी प्यायला थांबलो. ती जागी झाली नाही. मी पाणी न पिता पुन्हा पाय मारायला लागलो. चार वाजता मंगलाबाई आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी देवकाच्या तोंडापाशी हात नेला आणि मग माझा गुडघा धरून पाय थांबवला.

२२ मे

तेरवी झाली. पाहुणे गेले. टेकचंद मागे राहिला. बारा दिवस तो काम करत होता, पाणी भरत होता, पंगती वाढत होता, माझ्याशी कामापुरतं बोलत होता. आज माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "भाऊजी, गिरणी इकली. काल सौदा झाला. माह्या गिरणीनंच बाई गेली. तिची झोप मोडली मी चार महिने. काच पाहिली तवाच समजलो."

मी सगळं सांगितलं. आजवर कधी बोललो नव्हतो इतकं सरळ सांगितलं. काचा आवाजासाठीच होत्या. तूसही त्याच्यासाठीच. चूक माझी. तिला तुझ्या इंजिनाचा ठोका हवा होता, त्याच्यावर ती झोपत होती, तो गेला आणि तिची झोप गेली. तिनं स्वतः सांगितलं मला. तुमसरला मी तेच सांगायला आलो होतो आणि खोटं बोललो.

तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"तुमी पयलेपासून असेच, भाऊजी," तो म्हणाला. "समोरच्याच्या मनाले लागू नये म्हणून बोलता. आता तरी नका बोलू."

मी शपथ घेतली. देवकाची घेतली. वही दाखवू का म्हणालो. तो म्हणाला, राहू द्या. मी तेच पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगू लागलो तेव्हा माझ्याच कानाला ते सांत्वनासारखं ऐकू आलं. त्यानं डोळे पुसले, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि पाच वाजताच्या बसनं तो तुमसरला गेला.